पृथ्वीवरची छत्री कोणाच्या हाती?

प्रतिनिधी, वसई

तापलेल्या पृथ्वीच्या गोळ्यावर उघडलेली भलीमोठी छत्री, सूर्यासमोर ओढलेला पडदा, पृथ्वीला जोडलेले तापमानाचे बटण आणि ते फिरवणारा हात... जागतिक तापमानवाढीवरील तांत्रिक उपायांची, म्हणजेच ‘जिओइंजिनीअरिंग’ची माहिती देताना अशी चित्रे हमखास वापरली जातात. अवघड विज्ञान सोपे करणे हा त्यांचा हेतू असतो. मात्र सोपे करण्याच्या नादात ही चित्रे काय लपवतात, हे वसई-विरारसारख्या किनारपट्टीच्या भागाने समजून घेणे आवश्यक आहे.

छत्रीमागचे विज्ञान

छत्रीची कल्पना निसर्गातूनच आली. जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि सुमारे दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साईड वातावरणाच्या वरच्या थरात पोहोचला. त्यापासून तयार झालेल्या सूक्ष्म कणांनी सूर्यप्रकाशाचा काही भाग परतवला आणि पुढील वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. हाच परिणाम कृत्रिमरीत्या साधता येईल का, याचा विचार व्हावा, असे नोबेल पारितोषिक विजेते शास्त्रज्ञ पॉल क्रुट्झन यांनी २००६ मध्ये मांडले.

समुद्रावरील ढगांत खाऱ्या पाण्याचे तुषार सोडून ते अधिक शुभ्र करावेत, अशीही एक योजना आहे. जॉन लॅथम यांनी ती १९९० मध्ये सुचवली. उन्हात डोळे दिपवणारे मिठागरातील मिठाचे ढीग पाहिलेल्या वसईकरांना पांढरा रंग ऊन कसे परतवतो, हे वेगळे सांगायला नको.

चित्रात न दिसणारे

मात्र छत्री मिटली की सारे पूर्ववत होते. येथे तसे नाही. हे कण वर्ष-दोन वर्षांत खाली येतात. त्यामुळे फवारणी सतत करावी लागेल. मध्येच ती थांबली, तर हवेत दरम्यान साठलेल्या कार्बनची उष्णता थोड्याच वर्षांत उसळून वर येईल. शिवाय सावली केल्याने कार्बन डायऑक्साईड कमी होत नाही. तो समुद्रात विरघळत राहतो आणि पाण्याची आम्लता वाढते. कालवे, शिंपले यांच्या कवचांना त्याचा धोका असतो. अर्नाळा, पाचूबंदर, नायगावच्या कोळीवाड्यांना ही छत्री त्यापासून वाचवू शकत नाही.

मान्सूनचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातील फरकावर मान्सून अवलंबून असतो. सूर्यप्रकाश कमी केल्यास हे गणित बदलू शकते. पिनाटुबोनंतर १९९२ मध्ये जगभरातील जमिनीवरचा पाऊस घटल्याचे आढळले होते.

पेरणी आणि खत

शेतीतून घेतलेल्या उपमाही तपासून पाहाव्या लागतात. महाराष्ट्रात २००३, २०१५ आणि २०१९ मध्ये कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले. हे प्रयोग स्थानिक असल्याने त्यांना काटेकोर अर्थाने जिओइंजिनीअरिंग म्हणता येत नाही. पण ‘ढगांत बीजपेरणी’ या शब्दाने मोठ्या अपेक्षा निर्माण केल्या. पेरले की उगवते, अशी आपली धारणा. प्रत्यक्षात पेरणीमुळे ढग निर्माण होत नाहीत. मुळात योग्य ढग असावा लागतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूर परिसरात केलेल्या प्रयोगात काही ठिकाणी पाऊस सुमारे १८ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. ही वाढ उपयोगाची आहे, पण दुष्काळावरचा तो रामबाण उपाय नव्हे.

‘समुद्राला खत’ या उपमेचेही तसेच झाले. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मन शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये दक्षिण महासागरात सुमारे ३०० चौरस किलोमीटर क्षेत्रात लोह मिसळले. ‘लोहाफेक्स’ नावाच्या या प्रयोगात सूक्ष्म वनस्पती वाढल्या खऱ्या; पण सूक्ष्म प्राण्यांनी त्या फस्त केल्या आणि कार्बन अपेक्षेप्रमाणे तळाशी गेला नाही. खत घालताना समुद्रातील चरणाऱ्यांचा विचार चित्रात नव्हता.

बटण कोणी फिरवायचे?

सर्वांत फसवे चित्र बटणावरच्या हाताचे आहे. तो हात कोणाचा, हे चित्रात कधीच दिसत नाही. एकट्या वसई तालुक्याचे उदाहरण घेतले, तरी एकमत होणे किती कठीण आहे, हे लक्षात येते. भातशेतीला जून-जुलैचा पाऊस हवा. पण मिठागरात तयार मीठ पडून असताना आलेली सर महिनोन्‌महिन्यांचे श्रम विरघळवून टाकते. वलांडीवर बोंबील वाळत घालणाऱ्यांना कडक ऊन हवे असते. आणि जुलै २०१८ मध्ये दिवसचे दिवस पाण्यात काढलेल्या सखल भागांतील रहिवाशांना तर पावसाचे नावही नको होते. एका तालुक्याची ही स्थिती, तर जगातील सर्व देशांनी मिळून पृथ्वीचे तापमान ठरवायचे कसे?

छत्री, पडदा, बीज, खत हे सारे शब्द ओळखीचे आहेत, म्हणूनच ते विश्वासार्ह वाटतात. यापुढे असे चित्र समोर आले, तर छत्री किती मोठी आहे यापेक्षा ती कोणी धरली आहे, किती वर्षे धरणार आहे आणि तिच्या कडेवरून गळणारे पाणी कोणाच्या अंगणात पडणार आहे, हे आधी विचारले पाहिजे.