चालू दुकानात हातोडा मारू नका: वेबसाइटची जुळी प्रत लॅपटॉपवर



दिवाळीच्या तोंडावर माझ्या ऑनलाइन दुकानाचं चेकआउट बंद पडलं होतं. गिऱ्हाईक माल निवडायचं, पैसे भरायला गेलं की पांढरं पान. दुकान अमरावतीत, साइट सांभाळणारा पोरगा अकोल्यात. फोन केला तर म्हणे, "दादा, माह्या लॅपटॉपवर त चालते!"

खोटं नव्हतं ते. त्याच्याकडे पीएचपी 7.4 होतं, सर्व्हरवर 8 झालेलं. आमचं जुनं प्लगइन 'ईच' नावाच्या फंक्शनवर उभं होतं आणि ते फंक्शन पीएचपी 8 मधून काढून टाकलेलं आहे.

यावर उपाय म्हणजे 2013 मध्ये आलेलं डॉकर. कापसाच्या गाठी अकोल्यात एकदा कंटेनरमध्ये भरल्या की पुढे ट्रक असो की न्हावा शेवाचं जहाज, माल पुन्हा काढून भरावा लागत नाही. इथंही तसंच. पीएचपी, वर्डप्रेस, लागणाऱ्या लायब्ररी, सगळं एका डब्यात. डेटाबेस दुसऱ्या डब्यात.

विंडोजवर डब्ल्यूएसएल 2 सुरू करून डॉकर डेस्कटॉप टाका. 250 पेक्षा कमी माणसं आणि वर्षाला 1 कोटी डॉलरपेक्षा कमी उलाढाल असलेल्या धंद्याला ते फुकट आहे. (आपण सगळे बसतो त्यात!) रॅम 8 जीबी तरी हवी.

कोणते डबे, कोणती आवृत्ती, हे 'कंपोज' नावाच्या छोट्या फाइलमध्ये लिहायचं. तिथं 'लेटेस्ट' लिहू नका. सर्व्हरवर जी आवृत्ती आहे तीच लिहा. मग 'डॉकर कंपोज अप' म्हटलं की ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट'वर वर्डप्रेस उभं राहतं.

आता नीट ऐका. डबा काढून टाकला की आतला डेटाही जातो, म्हणून डेटाबेस 'व्हॉल्यूम'मध्ये ठेवा. 'डाउन' चालेल, पण 'डाउन -व्ही' केलं की व्हॉल्यूमही साफ.

खऱ्या साइटचा बॅकअप आत घेतला, तर डेटाबेसमधला साइटचा पत्ता बदला. नाहीतर ब्राउझर गुपचूप खऱ्या साइटवर नेतो आणि तुम्ही तिथंच ठोकाठोक करत बसता. पेमेंट गेटवे टेस्ट मोडवर टाका, ईमेल बंद करा, गिऱ्हाइकांचे फोन नंबर पुसा.

आमची कंपोज फाइल आता दोघांकडेही आहे. पोरानं परवा लॅपटॉप बदलला, पण मला फोन आला नाही.