त्वचेचा रंग आणि प्रकाशाची मात्रा

आपल्या रुग्णालयाचा त्वचारोग विभाग पाहावयास येणारे देणगीदार प्रकाशोपचाराच्या यंत्रापाशी हमखास थांबतात. माणूस उभा राहील एवढे कपाट आणि त्याच्या आत चहूबाजूंनी उभ्या नळ्या. परदेशी मुलांकडे राहून आलेले कोणीतरी म्हणतेच, "तिकडे गोरी मंडळी पैसे मोजून अशाच यंत्रात शिरतात आणि सावळी होऊन बाहेर येतात." याउलट, कोड असलेल्या मुलीची आई दबक्या आवाजात विचारते, "याने बाकीचे अंग काळे तर पडणार नाही ना?" दोन्ही शंकांचे मूळ एकच आहे. आम्ही हिशेब सांभाळणारे, वैद्यकातील जाणकार नव्हे. तथापि आमच्या डॉक्टरांकडून समजून घेतलेली माहिती येथे मांडीत आहोत.

रंग कसा चढतो?

त्वचेच्या बाह्यस्तराच्या तळाशी रंगपेशी असतात. त्या मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करून शेजारच्या पेशींना पुरवितात. गोऱ्या आणि सावळ्या माणसांत या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो मेलॅनिनचे प्रमाण, प्रकार व वाटणी यांत. उन्हातील अतिनील किरण पेशींमधील डीएनएला इजा करतात. या इजेची वर्दी पोचताच रंगपेशी अधिक मेलॅनिन बनवू लागतात आणि ते शेजारच्या पेशींच्या केंद्रकावर छत्रीसारखे पसरते. यास दोन-तीन दिवस लागतात. म्हणजे असा चढलेला रंग हे आरोग्याचे लक्षण नसून इजा होऊन गेल्याची खूण आहे. शिवाय ही छत्रीही तोकडीच. तिचे संरक्षण साधारणतः एसपीएफ ३ ते ४ एवढेच मानले जाते.

मग त्याची ओढ का?

युरोपात एके काळी गोरेपणा हे शेतात राबावे न लागण्याचे लक्षण होते. पुढे कामगार कारखान्यांत कोंडले गेले आणि उन्हात पडून राहण्याची सवड हीच श्रीमंतीची खूण ठरली. त्यास वैद्यकाचाही आधार मिळाला. त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी डेन्मार्कचे डॉ. नील्स फिन्सेन यांना १९०३ मध्ये नोबेल पारितोषिक देण्यात आले. १९२० च्या दशकात उन्हाने रापलेली कांती ही फॅशन झाली आणि १९७० च्या दशकापासून किरणांच्या नळ्या लावलेले पलंग दुकानांतून आले. उत्तरेकडील देशांत हिवाळ्यात दुपारीच अंधारून येते. अशा दिवसांत ऊब आणि उजेड माणसास हवासा वाटणारच. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत असेही दिसले, की या किरणांमुळे त्वचेत अफूसारखा परिणाम करणारे द्रव्य तयार होते व त्याची सवय जडू शकते.

या हौसेची किंमत मात्र जबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये अशी यंत्रे कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात, म्हणजे तंबाखूच्याच गटात, घातली. तरुण वयात सुरुवात केल्यास मेलॅनोमा या घातक कर्करोगाचा धोका अधिक वाढतो. ब्राझीलने २००९ मध्ये आणि ऑस्ट्रेलियातील बहुतेक राज्यांनी २०१५ पर्यंत असा व्यवसाय बंद केला.

आपले यंत्र निराळे कसे?

दुकानातील पलंग मुख्यतः अतिनील 'ए' किरण सोडतो. आपल्या यंत्रात अतिनील 'बी' किरणांचा ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा अरुंद पट्टाच वापरला जातो. डोळ्यांवर गडद चष्मा असतो. मात्रा डॉक्टर ठरवितात, ती हळूहळू वाढवितात आणि प्रत्येक वेळी तिची नोंद होते. कोडात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती रंगपेशींवर उलटते. हे किरण तो हल्ला शमवितात आणि केसांच्या मुळांशी उरलेल्या रंगपेशींना जागे करतात. म्हणूनच पांढऱ्या डागात प्रथम केसांभोवती रंगाचे बारीक ठिपके उमटतात. ही कल्पना आपणांस अगदीच परकी नाही. बावचीचे बी आणि ऊन यांचा कोडावरील उपयोग आयुर्वेदास पूर्वीपासून ठाऊक होता. बावचीत आढळणारे सोरालेन पुढे आधुनिक प्रकाशोपचारातही आले.

आता त्या मातेच्या प्रश्नाचे उत्तर. होय, आसपासची त्वचा काहीशी सावळी होते आणि आरंभी डाग अधिकच उठून दिसतात. उपचार संपल्यावर हा सावळेपणा हळूहळू उतरतो. परंतु नेमक्या याच टप्प्यावर, मुलगी काळी पडेल आणि लग्न जमणार नाही या भीतीने काही कुटुंबे येणे थांबवितात. आठवड्यातून दोन-तीन वेळा, कित्येक महिने चालणारा हा उपचार मध्येच सोडल्यास आधीचे कष्ट वाया जाण्याचा संभव असतो. कोड संसर्गजन्य नाही, हेही येथे पुन्हा सांगणे आवश्यक वाटते. परदेशस्थ नातेवाइकांनाही आमची विनंती आहे, की डॉक्टरांकडील उपचारास पर्याय म्हणून दुकानातील पलंगाचा सल्ला कोणासही देऊ नये.

तीच किरणे एका ठिकाणी इजा आणि दुसऱ्या ठिकाणी औषध ठरतात. भेद आहे तो किरणांचा प्रकार, मात्रा आणि देखरेख यांचा. यंत्रातील नळ्यांचे तेज वापराने उतरते व त्या वेळोवेळी बदलाव्या लागतात. तो खर्च आपल्या देणग्यांतून भागतो. आपल्या रुपयाचे काय झाले, याचा हिशेब ताळेबंदात आहेच. उपचार पूर्ण करून गेलेल्या मुलामुलींच्या चेहऱ्यावरही तो वाचता येतो.