मालाची गोष्ट

माल कितीही उत्तम असला, तरी त्याची ओळख लोकांना करून द्यावी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केले, तेव्हा लोखंडाने जमीन नासते, या समजुतीने शेतकरी ते घेण्यास कचरत. पुढे १९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. शंकरराव किर्लोस्कर तिचे संपादक होते. कारखान्याच्या मालाची माहिती देणाऱ्या या पत्रात लेख व कथाही येऊ लागल्या आणि त्यातूनच ‘किर्लोस्कर’ हे लोकप्रिय मासिक घडले.

आज हेच काम समाजमाध्यमे करतात. भातकुलीच्या खारपाणपट्ट्यातील शेतकऱ्यांना हरभऱ्याची डाळ विकावयाची असेल, तर पेरणी, मळणी व भरडणी यांची निवडक चित्रे ते मोबाइलवरून दूरच्या गिऱ्हाइकांना दाखवू शकतात. गिऱ्हाइकांचे अनुभवही, त्यांच्या संमतीने, त्यांत गुंफता येतात.

परंतु निवड करणे म्हणजे दोष लपविणे नव्हे. चित्रात टपोरी डाळ दाखवून पिशवीत किडकी भरली, तर ती गोष्ट खोटी ठरते. गोष्ट ऐकून गिऱ्हाईक एकदा येते; दुसऱ्यांदा त्याला मालच आणतो.