उंची सांगतं कोण?

सॅटेलाइट अप्रोच म्हणजे उपग्रह विमानाला धावपट्टीवर आणून सोडतो, हा समज प्रवाशांपुरता असता तर फारसं बिघडत नव्हतं. पण इन्स्ट्रुमेंट रेटिंगची तयारी करणारेही तो मनात धरून बसतात, तेव्हा तो खोडलाच पाहिजे. उपग्रहाला विमानाची खबरही नसते. तो फक्त वेळ आणि स्वतःची जागा सांगत राहतो. किमान चार उपग्रहांचं ऐकून आपण कुठे आहोत हे विमानातला रिसीव्हर काढतो, आणि वाट असते विमानातल्याच डेटाबेसमध्ये.

खरा घातक समज पुढचा आहे: वाट उपग्रहांवरून कळते, म्हणजे उंचीही त्यांच्यावरूनच कळत असणार. आरएनपी अप्रोचचा, म्हणजे याच सॅटेलाइट अप्रोचचा, चार्ट काढून खालचा मिनिमाचा तक्ता बघा. एकाच धावपट्टीसाठी तिथे अनेकदा दोन-तीन ओळी असतात. एलनॅव्हमध्ये फक्त डावं-उजवं कळतं, उंची वैमानिकाने सांभाळायची. एलनॅव्ह-व्हीनॅव्हमध्ये उतरती वाटही दिसते, पण बहुतेक प्रवासी विमानांत ती हवेच्या दाबावर चालणाऱ्या अल्टिमीटरवरून काढलेली असते. उंचीसुद्धा उपग्रहांवरून मिळते ती एलपीव्हीमध्ये.

23 मे 2022 रोजी पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर उतरायच्या धावपट्टीची आयएलएस, म्हणजे जमिनीवरून वाट दाखवणारी यंत्रणा, बंद होती आणि पाऊस होता. स्टॉकहोमहून आलेलं एअरबस 320 एलनॅव्ह-व्हीनॅव्हवर उतरत होतं. कंट्रोलरने क्यूएनएच, म्हणजे अल्टिमीटरवर लावायचा दाब, 1001 ऐवजी 1011 सांगितला. वैमानिकांनी तोच परत म्हणून दाखवला आणि तोच लावला. एका हेक्टोपास्कलला सुमारे 28 फूट, म्हणजे दहाला 280. विमान तेवढं खाली होतं आणि कॉकपिटमध्ये सगळं जागच्या जागी दिसत होतं. धावपट्टी दीडेक किलोमीटर दूर असताना रेडिओ अल्टिमीटरवर नोंदलेली सर्वांत कमी उंची होती 6 फूट! धावपट्टी दिसेना म्हणून वैमानिकांनी गो-अराउंड केला आणि सगळे वाचले.

अंतर-उंचीचा तक्ता ताडून पाहिला की अशी चूक सापडते, असं अनेकांना वाटतं. इथे ती सापडत नाही, कारण ताडायची उंचीही त्याच चुकलेल्या अल्टिमीटरची असते. म्हणून कंट्रोलरने दिलेला क्यूएनएच एटिसशी, म्हणजे विमानतळाच्या ध्वनिमुद्रित माहितीशी, मिळवून पाहायलाच हवा. एलपीव्ही किंवा आयएलएसचा ग्लाइड पाथ दाबावर अवलंबून नसतो. तिथे फायनलच्या सुरुवातीला उंची ताडली की 280 फुटांचा फरक उघडा पडतो. डिसिजन अल्टिट्यूड मात्र तिथेही अल्टिमीटरवरच वाचायची असते.

तापमानाचंही तसंच. थंडीत दाबावरची वाट प्रत्यक्षात खाली सरकते, उन्हाळ्यात वर चढते. नागपूरच्या 43 अंशांत 3 अंशांची उतरण प्रत्यक्षात सुमारे 3.3 अंशांची होते.

एलपीव्हीसाठी नुसतं जीपीएस पुरत नाही. भारतावरचं आयनोमंडल फार चंचल असल्याने संकेतांना लागणारा उशीर सतत बदलतो. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची 'गगन' यंत्रणा 15 संदर्भ केंद्रांवर तो मोजते आणि भूस्थिर उपग्रहांमार्फत दुरुस्ती पाठवते. त्याहून मोलाचं म्हणजे, संकेतावर भरवसा ठेवू नका हा इशाराही ती काही सेकंदांत देते. फोनमधलं जीपीएस असा इशारा देत नाही. एप्रिल 2022 मध्ये इंडिगोचं एटीआर 72 राजस्थानात किशनगढला गगनच्या आधारे उतरलं, तिथे आयएलएस नव्हती. छोट्या विमानतळांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. पण यामुळे धुक्याचा प्रश्न सुटला असं समजू नये. गगनवरची एलपीव्ही 250 फुटांपर्यंत आणते, साधी कॅट-1 आयएलएस 200 पर्यंत, आणि दाट धुक्यात उतरवणारी कॅट-3 तर वेगळीच गोष्ट.

मग आयएलएस मोडीत काढायची का? नाही. उपग्रहांचे संकेत जमिनीवर पोचेपर्यंत अतिशय क्षीण होतात, खोट्या संकेतांनी ते दाबता येतात. 2025 मध्ये दिल्लीत धावपट्टी 10 कडे जीपीएसवर येणाऱ्या काही विमानांना असे खोटे संकेत मिळाल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. बाकीच्या धावपट्ट्यांवर जमिनीवरची नेहमीची यंत्रणा चालू होती, त्यामुळे तिथली वाहतूक सुरळीत राहिली.