शाळेबाहेरची बारा ते चौदा: छोट्या अभ्यासक्रमांचा मागोवा

१ एप्रिल २०१० रोजी शिक्षण हक्क कायदा लागू झाला, तेव्हा मुलांना घरीच शिकवणाऱ्या महाराष्ट्रातल्या पालकांची चांगलीच घालमेल झाली. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क मिळाला, पण घरी शिकणाऱ्या मुलाचा त्या कायद्यात उल्लेखच नाही. बंदी नाही आणि स्पष्ट मान्यताही नाही. परीक्षेचा प्रश्न त्या मानाने सोपा निघाला. एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी होती, बाहेरून बसायला राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म होता, आणि २०१७ मध्ये राज्याने स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळही स्थापन केलं. एनआयओएसच्या दहावीला बसायला चौदा वर्षं पूर्ण लागतात. खरा पेच होता तो त्याआधीच्या दोन-तीन वर्षांचा.

अकरा-बारा वर्षांपर्यंत घर पुरतं. मग मूल असं काही विचारू लागतं की आईबाबांकडे उत्तर नसतं, आणि पुस्तकातल्या उत्तराने त्याचं समाधान होत नाही. त्याला ते काम रोज करणारा माणूस भेटायला हवा असतो. होमस्कूलिंग करणाऱ्या आमच्या पुण्यातल्या काही कुटुंबांच्या गटात या काळात सर्वांत जास्त वेळा निघालेला विषय हाच: या वयाच्या मुलांना धरून ठेवतील असे चार-सहा आठवड्यांचे अभ्यासक्रम कुठे आहेत?

सुरुवातीला हाती लागायची ती सुट्टीतली शिबिरं. ती एप्रिल-मे महिन्यांत. ऑगस्टमधल्या मंगळवारी सकाळी मोकळ्या असलेल्या मुलासाठी गावात काहीच नसायचं. तरी पुणं भाग्यवान म्हणायला हवं. पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून आयुका या खगोलशास्त्राच्या केंद्राच्या आवारात उभी राहिलेली मुक्तांगण विज्ञान शोधिका होती; इमारतीला सप्तर्षींतल्या ‘पुलस्त्य’ ताऱ्याचं नाव. अरविंद गुप्ता आणि त्यांचे सहकारी तिथे काडेपेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, जुन्या सीडी यांतून विज्ञान हातात देत होते. त्यांच्या संकेतस्थळावरची फुकट पुस्तकं आणि मराठीतल्या चित्रफिती आमच्या कित्येक घरांचा पहिला अभ्यासक्रम ठरल्या. ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ पासूनची. पाऊस संपला की आकाशदर्शनाला मुलं तिथल्या जाणत्यांच्या मागे लागत, आणि ते लोकही मुलांना तेरा वर्षांचं म्हणून कमी लेखत नसत.

पण या सगळ्या काळातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा अभ्यासक्रम मुलांसाठी नव्हताच. तो मोडी लिपीचा, म्हणजे जुन्या मराठी कागदपत्रांच्या लिपीचा. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आणि राज्याचं पुराभिलेख खातं अशांनी मोडीची परंपरा जपली आहे, आणि अभ्यासकांचे खासगी वर्गही चालतात. थोड्या दिवसांत अक्षरओळख होते आणि पुढचं ज्याच्या त्याच्या सरावावर. आमच्या गटातली एक तेरा वर्षांची मुलगी अशा एका वर्गात बसली. शेजारी निवृत्त बँक कर्मचारी, जमिनीचे जुने कागद वाचायला शिकणारे वकील, इतिहासात एम. ए. करणारी मुलं.

मोडीत आधी ओळभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जायचं. शब्द कुठे संपला ते वाचणाऱ्याने ओळखायचं. इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं. शुद्धलेखनाच्या लाल खुणांनी धास्तावलेल्या मुलांना हे ऐकूनच हायसं वाटतं! पण गंमत पुढे आहे. पेशवाईतल्या पत्रावर तारीख असते सुहूर सनाची आणि तीही अरबी संख्याशब्दांत. ‘खमस अशरीन मया व अलफ’ म्हणजे पाच, वीस, शंभर आणि हजार, मिळून ११२५. हे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा, म्हणजे पावसाच्या तोंडावर सुरू होतं. म्हणून कागद जून ते डिसेंबरमधला असेल तर ५९९ मिळवायचे, त्यापुढचा असेल तर ६००. म्हणजे हे वर्ष इसवी सन १७२४-२५ चं. त्या मुलीने या आकडेमोडीसाठी स्वतः तक्ता केला, मग शक आणि फसली सनही त्यात आणले, आणि चंद्राच्या वर्षात व सूर्याच्या वर्षात फरक का पडतो हे शोधत ती खगोलशास्त्राच्या पुस्तकापर्यंत पोचली. गणित, अरबी, पाऊस, इतिहास यांची वेगळी पुस्तकं तिच्यापुढे कुणी ठेवली नव्हती. एका कागदामागे ती चालत गेली.

२०१२ मध्ये विद्यापीठांचे अभ्यासक्रम ऑनलाइन देणारं कोर्सेरा सुरू झालं आणि दुसरी खिडकी उघडली. आमच्या मुलांचा लाडका होता अल्बर्टा विद्यापीठाचा ‘डायनो १०१’, २०१३ मध्ये आलेला. डायनोसॉरची हाडं पाहून त्याच्या चालण्याचा, खाण्याचा अंदाज कसा बांधतात, हे त्यात प्राध्यापक स्वतः नमुने हातात घेऊन दाखवतात. दोन अडचणी मात्र होत्या. अमेरिकेतल्या कायद्यामुळे अशा बहुतेक ठिकाणी तेरा वर्षांच्या आतल्या मुलाला खातं उघडता येत नाही. दुसरी अडचण इंग्रजीची. मराठीतून शिकणारं मूल अशा वेळी दाराशीच थांबतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचं महत्त्व मला इथे जाणवतं. साधारण दहा मिनिटांचा एकेक धडा, मराठी निवेदन, पडद्याच्या अर्ध्या भागात धडा आणि उरलेल्या अर्ध्या भागात आपण स्वतः तेच करून पाहायचं. इंकस्केपवर भित्तिपत्रक किंवा पायथनमध्ये छोटा प्रोग्राम करणारी कितीतरी मुलं मी पाहिली आहेत, आणि खर्च शून्य. एवढी चांगली गोष्ट मराठी घरांत अजून पुरेशी पोचलेली नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हाताच्या कामाला पाबळ. शिरूर तालुक्यातल्या या गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. २००२ पासून तिथे फॅब लॅब आहे, एमआयटीबाहेरच्या जगातल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक. वेल्डिंग, गवंडीकाम, माती परीक्षण, सर्किट हे सगळं एकाच आवारात, आणि चूक झाली तर तुकडा पुन्हा कापायचा. ज्या मुलाला वाचनाचा कंटाळा आहे, त्याच्या आईबाबांनी एकदा तरी पाबळ पाहून यावं.

२०१६ मध्ये बातमी आली की मुंबईतली, सातवीनंतर शाळा सोडलेली एक मुलगी आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मॅटिक्स ऑलिंपियाडमधल्या तीन पदकांच्या बळावर एमआयटीत निघाली आहे. आनंद झालाच. पण त्यानंतर आमच्याकडे येणाऱ्या चौकशांचा सूर बदलला. ‘मुलाला काय आवडेल’ऐवजी ‘कोणत्या कोर्सने पुढे प्रवेश मिळेल’ असं विचारलं जाऊ लागलं. २०२० च्या टाळेबंदीत तर कोडिंगच्या जाहिरातींचा पूर आला. भरमसाट फी, प्रत्येक पायरीला प्रमाणपत्र, आणि शिकवणाऱ्याला स्वतःला त्या विषयाचं वेड नाही. हे मुलांच्या वाट्याला येऊ नये असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं.

त्याच टाळेबंदीने एक भलं केलं. पुण्या-मुंबईपुरती असलेली शिकवणी नांदेड-लातूरच्या, अगदी परदेशातल्या मराठी मुलांपर्यंत पोचली. मोडीचे वर्ग, व्याख्यानं, पक्षिनिरीक्षणाच्या गप्पा ऑनलाइन आल्या. पुढे भांडारकर संस्थेनेही ‘भारतविद्या’ नावाने अभ्यासक्रम सुरू केले. दर फेब्रुवारीत चार दिवस चालणारी परसदारच्या पक्ष्यांची गणना मी अभ्यासक्रमच मानते. किमान पंधरा मिनिटं एका जागी पाहायचं, दिसलेला प्रत्येक पक्षी मोजायचा, यादी ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर चढवायची. यादी चुकली तर कुणी अनोळखी जाणकार नीट विचारतो, ‘हा नक्की कोतवालच होता का?’ बारा वर्षांच्या मुलाला इतक्या गांभीर्याने घेणारी माणसं त्याला एरवी फारशी भेटत नाहीत.

या वर्षांकडे बघताना मला ठामपणे वाटतं की या वयाला ‘मुलांसाठी सोपं केलेलं’ फार काळ पुरत नाही. अभ्यासक्रम छोटा असावा, त्याचा शेवट दिसत असावा, पण विषय खरा असावा आणि शिकवणारा स्वतः त्यात बुडालेला असावा. प्रमाणपत्र मिळालं तर मिळालं. शिकणाऱ्यांच्या वयाची सरमिसळ असेल तर उत्तमच. साठीच्या आजोबांच्या शेजारी बसून शिकलेलं मूल प्रश्न विचारायला लाजत नाही.

अडलं ते बहुतेक वेळा प्रवेशअर्जावर. ‘शाळेचं नाव’, ‘इयत्ता’, ‘मुख्याध्यापकांची सही’. ऑनलाइन अर्ज तर तो रकाना भरल्याशिवाय पुढेच सरकत नाही. काही पालकांनी फोन करून, समक्ष जाऊन वाट काढली. ज्यांना ते जमलं नाही त्यांची मुलं बाहेर राहिली. शिकायला शाळेच्या नावाची गरज नाही याचा दाखला आपल्याकडेच आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षांना मूल आपल्या गुरूंच्या वर्गातून, केंद्रामार्फत बसतं. तिथे त्याचं गाणं ऐकतात, शाळा कोणती ते महत्त्वाचं नसतं.

विज्ञानाच्या, इतिहासाच्या, निसर्गाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थांना म्हणून माझी मनापासून विनंती आहे. अर्जावर वय विचारा, शाळेचा रकाना ऐच्छिक ठेवा, आणि वर्षातून निदान एक तुकडी कामाच्या दिवशी सकाळी घ्या. घरी शिकणारी मुलं येतील, आणि शाळा सुटलेली, मध्येच थांबलेली मुलंही येतील.