विषाणुजन्य आजारानंतरच्या गिळण्याच्या व संवादाच्या अडचणी : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
विषाणुजन्य आजारातून रुग्ण बरा होऊन घरी परतला म्हणजे आजार संपला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु काही रुग्णांना त्यानंतरही दीर्घकाळ गिळणे व बोलणे कठीण जाते. पोलिओ व मेंदूज्वराच्या काही रुग्णांत हे पूर्वीपासून दिसत आले आहे. २०२० नंतरच्या कोविड साथीत कृत्रिम श्वसनयंत्रावर राहिलेल्या रुग्णांमुळे हा प्रश्न अधिक ठळक झाला. प्रस्तुत लेखात या अडचणींचे स्वरूप व परिणाम यांचा विचार केला आहे.

अडचणींचे स्वरूप :
गिळणे व बोलणे या क्रिया भिन्न वाटल्या तरी जीभ, घसा, स्वरयंत्र आणि त्यांना चालना देणारे मज्जातंतू दोहोंसाठी एकच असतात. घास गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाऊन श्वासमार्ग क्षणभर बंद होतो. विषाणूमुळे मज्जातंतूंना इजा झाल्यास किंवा श्वसननलिकेच्या दीर्घ वापराने स्वरयंत्र दुखावल्यास हा मेळ बिघडतो. परिणामी आवाज घोगरा होतो, जेवताना ठसका लागतो आणि अन्नकण श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. काही रुग्णांना ठसकाही लागत नाही; त्यामुळे धोका लक्षातच येत नाही.

आहारविषयक प्रश्न :
ज्वारीची भाकरी हा परभणी जिल्ह्यातील मुख्य आहार आहे. कोरडी भाकरी तोंडात भुगा होऊन विखुरते. पाणी व चहा हे पातळ पदार्थ घशातून वेगाने उतरत असल्याने अनेकदा तेच अधिक धोकादायक ठरतात. ठसका लागताच पाणी पाजण्याची प्रथा म्हणूनच अशा रुग्णास अपायकारक ठरू शकते. उलटपक्षी, ठसक्याच्या भीतीने रुग्ण पाणी टाळू लागल्यास मराठवाड्याच्या उन्हाळ्यात शरीरातील पाणी कमी होते. ताठ बसून लहान घास घेणे, जेवताना न बोलणे आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे न होणे ही पथ्ये उपयुक्त आहेत. वरणात कुस्करलेली भाकरी किंवा दाट पेज कोणास मानवेल, हे मात्र तज्ज्ञांच्या तपासणीनंतरच ठरवावे.

संवाद व सामाजिक परिणाम :
आवाज क्षीण झालेल्या व्यक्तीच्या वतीने घरातील इतर माणसेच बोलू लागतात. पंगतीत बसण्याचा संकोच वाटून ती एकटी जेवते. बुद्धी शाबूत असूनही निर्णयातून तिला वगळले जाते. होय-नाही अशी उत्तरे येतील असे प्रश्न, चित्रफलक, पाटी-लेखणी आणि उत्तरासाठी पुरेसा अवधी या साध्या उपायांनी संवाद टिकवता येतो.

कायदा व सेवा :
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत वाचा व भाषा दोषाचा समावेश आहे. गिळण्याच्या अक्षमतेचा स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे बोलू शकणाऱ्या, परंतु सुरक्षितपणे गिळू न शकणाऱ्या रुग्णाची अडचण या वर्गीकरणाबाहेर राहते. वाचा-उपचारतज्ज्ञांची सेवा मुख्यतः शहरांत केंद्रित असल्याने जिंतूर, पालम, सोनपेठ यांसारख्या तालुक्यांतील रुग्णांना नियमित उपचार घेणे अवघड जाते.

समारोप :
रुग्णाचे पुनर्वसन रुग्णालयातून घरी सोडल्यावर संपत नाही. घरी सोडतानाच गिळण्याची तपासणी व कुटुंबास मार्गदर्शन होणे आवश्यक आहे. महाविद्यालयांनाही अशा विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा लेखी स्वरूपात घेण्याचा विचार करता येईल. ज्याचा आवाज गेला, त्याचे म्हणणे संपलेले नसते, ही जाणीव या साऱ्या उपाययोजनांचा पाया ठरावी.