घराच्या दस्तावरचा अंगठा कुठवर जातो?

बनशंकरी म्हटलं की अनेक मराठी घरांना बदामीजवळची कुलदेवता आठवते. बेंगळुरूकरांच्या डोळ्यांसमोर मात्र कनकपुरा रस्त्यावरचं देऊळ, मेट्रो स्टेशन आणि एकामागून एक टप्प्यांनी पसरलेली वस्ती येते. इथे घर घेतलं की उपनिबंधक कार्यालयात जायचं, फोटो काढून घ्यायचा आणि यंत्रावर अंगठा ठेवायचा. पेढे वाटून झाले की तो अंगठा आपण विसरतो. पण तो विसरण्यासारखा नाही.

2023 मध्ये बेंगळुरूत मालमत्तेची नोंदणी केलेल्या अनेक लोकांच्या बँक खात्यातून पैसे गेले. ओटीपी आला नव्हता, कुणी फोन केला नव्हता, एटीएम कार्डही घरातच होतं. मग पैसे गेले कसे?

आधारवर चालणारी एक बँक सेवा आहे. खेड्यापाड्यांत बँकेचा प्रतिनिधी छोटं यंत्र घेऊन बसतो. बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा एवढ्यावर एका वेळी 10,000 रुपयांपर्यंत रक्कम काढता येते. वृद्धांसाठी ही मोठी सोय आहे. पण खरेदीखताच्या प्रतीवर आधार क्रमांक आणि ठसा दोन्ही एकाच जागी असतील, तर चोरालाही तीच सोय होते. ठशाची नक्कल करून पैसे काढले जात असल्याचं तपासात पुढे आलं आणि संशयाची सुई राज्याच्या ‘कावेरी’ या नोंदणी प्रणालीवरच्या दस्तांकडे वळली. त्यानंतर दस्तांवरचे ठसे आणि आधार क्रमांक झाकण्याची पावलं उचलली गेली.

चोरी, कोंडी आणि खंडणी

सरकारी संगणकावर येणारं संकट एकाच प्रकारचं नसतं. जानेवारी 2025 मध्ये याच कावेरी प्रणालीवर दोन तासांत तब्बल 6.2 लाख खोट्या विनंत्या धाडल्या गेल्या. इथे काही चोरायचं नव्हतं, फक्त दार अडवायचं होतं. अरुंद गल्लीत शंभर रिकाम्या रिक्षा घुसवाव्यात आणि खऱ्या प्रवाशाला वाटच राहू नये, तसा हा प्रकार. नोंदणीची कामं रखडली. व्यवहाराची तारीख ठरलेल्या कुटुंबासाठी एक दिवसही महाग असतो.

तिसरा प्रकार आपल्या पिंपरी-चिंचवडने पाहिला. फेब्रुवारी 2021 मध्ये तिथल्या स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या 27 सर्व्हरमध्ये रॅन्समवेअर शिरलं. या सॉफ्टवेअरने माहितीला कुलूप लावलं आणि किल्लीसाठी बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली गेली. पोलिस तक्रारीत नुकसानीचा अंदाज सुमारे 5 कोटी रुपयांचा होता.

खात्यासाठी काय काय देता?

बेंगळुरूत आता ई-खाता काढावा लागतो. खाता म्हणजे आपल्याकडच्या मालमत्ता कराच्या उताऱ्यासारखा कागद. त्यासाठी आधार, नोंदणी दस्ताचा क्रमांक, मालमत्ता कराचा तपशील, वीजजोडणीचा क्रमांक आणि घराचा फोटो लागतो. यामुळे एकच घर दोघांना विकण्यासारख्या फसवणुकीला आळा बसू शकतो, हे खरंच. पण घराची सगळी कुंडली एका ठिकाणी येते, तेव्हा ते कपाट तितकंच मजबूत हवं.

त्यात सप्टेंबर 2025 पासून जुन्या महापालिकेच्या जागी पाच नव्या महापालिका आल्या आहेत. नावं बदलली की बनावट लिंक पाठवणाऱ्यांचं फावतं. ‘तुमचा खाता रद्द होईल, हे ॲप डाउनलोड करा’ असा मेसेज आला तर लिंकला हात लावू नका. पत्ता ‘डॉट गव्ह डॉट इन’ने संपतो का, ते पाहा आणि स्वतः टाइप करून साइट उघडा.

तुमच्या हातात काय आहे?

• आधारचं बायोमेट्रिक लॉक करा. आधारच्या अधिकृत ॲपवर किंवा साइटवर, नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी घेऊन हे मोफत करता येतं. ठसा द्यायच्या कामाला जाताना थोड्या वेळासाठी उघडा.

• झेरॉक्स द्यायचीच असेल तर चालत असेल तिथे ‘मास्क्ड आधार’ द्या. त्यात शेवटचे चारच अंक दिसतात.

• दलालाच्या व्हॉट्सॲपवर अख्खं खरेदीखत पाठवू नका.

• पैसे गेले तर लगेच 1930 वर फोन करा आणि बँकेला लेखी कळवा. चूक तुमची किंवा बँकेची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तोटा तुमच्या माथी येत नाही.

मात्र सगळा भार नागरिकाच्या खांद्यावर टाकून चालणार नाही. पासवर्ड बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. म्हणून तो मागणाऱ्या कार्यालयाची जबाबदारी मोठी. सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेला कळवण्याचं बंधन 2022 पासून सरकारी कार्यालयांवरही आहे. तुमच्या वॉर्डातल्या बैठकीत रस्ते आणि कचऱ्याबरोबर हेही विचारा: आमची माहिती कोण कोण पाहू शकतं? तिची वेगळी प्रत ठेवली आहे का? शेवटची सुरक्षा तपासणी कधी झाली?

आणि आज रात्री जेवणं झाली की आई-बाबांचा फोन हातात घ्या. बँकेचे मेसेज ते रोज पाहतातच असं नाही. त्यांच्या आधारचं बायोमेट्रिक लॉक करून द्या. दहा मिनिटांचं काम आहे.